चौथ्या तासाचा खिळा

ओरालिया बेनाविदेस ही बाई माझ्या वाटेला आली नसती, तर आमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात आज ओळीनं राज्य स्पर्धेच्या चार ढाली दिसल्या असत्या. तीनच आहेत. चौथ्या जागी दुसऱ्या क्रमांकाची एक किरकोळ थाळी ठेवली आहे. रोज सकाळी तालमीच्या खोलीकडे जाताना ती मला दिसते आणि माझं डोकं फिरतं.

मी एव्हरार्डो लोंगोरिया, सान रामिरो हायस्कूलचा मारियाचीचा, म्हणजे मेक्सिकन गाण्या-वाजवण्याच्या पथकाचा मास्तर. सव्वीस मुलं, काळे सूट, पायाच्या बाजूनं चांदीची बटणं, व्हायोलिनं, ट्रम्पेट, गिटारी. आमच्या गावात फुटबॉलचा संघ हरला तर लोक दोन दिवस हळहळतात. मारियाची हरली तर बेकरीवाली बाई महिनाभर माझ्याशी बोलत नाही आणि मला कालचा पाव देते.

ओरालिया शिक्षिका नाही, मुख्याध्यापक नाही, शिक्षण मंडळावर तर नाहीच नाही. शाळेच्या ऑफिसात ती एकतीस वर्षं कारकून आहे आणि शाळेचं वेळापत्रक लावते. एवढंच तिचं काम. पण एवढ्याशा कामातून तिनं माझ्या नाकी नऊ आणले.

दिसायला बाई साधी. बुटकी, चष्मा दोरीला बांधलेला, एक पेन्सिल केसांत खोचलेली आणि तीच पेन्सिल दिवसभर टेबलावर शोधणारी. सकाळी येताना घरून अंडं-बटाट्याचे दोन टॅको चंदेरी कागदात गुंडाळून आणते. एक स्वतःसाठी. दुसरा त्या दिवशी ज्याच्याकडून काम काढून घ्यायचंय त्याच्यासाठी. शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे, तरी जो तो खातो, कारण टॅको चांगले असतात. मग व्हायचं ते होतं.

जिल्ह्यानं वेळापत्रकासाठी संगणकाचा एक मोठा प्रोग्राम घेतलाय. तो चार मिनिटांत सातशे मुलांचं वेळापत्रक काढून देतो. ओरालिया ते छापते, वाचते, नाक मुरडते आणि ऑफिसमागच्या खोलीत जाते. तिथं भिंतभर लाकडी फळा आहे. आठ तासांच्या आठ ओळी, ओळीओळीनं खिळे, आणि खिळ्यांवर वर्गांची रंगीत कार्डं टांगलेली. संगणकानं लावलेलं सगळं ती तिथं हातानं पुन्हा लावते. कुणी विचारलं तर म्हणते, "त्याला तास माहीत आहेत, पोरं माहीत नाहीत."

आणि ही बाई माझी कोमाद्रे आहे. माझ्या अमारिसच्या बाप्तिस्म्याला तिनं पोरीला हातात धरलं, तेव्हापासून ती तिची देवाची आई आणि आम्ही एकमेकांचे कोमाद्रे-कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा जड. भावाशी भांडण करून बोलणं टाकता येतं. कोमाद्रेशी नाही. एकमेकांना 'अहो-जाहो' करायचं, ते भांडतानासुद्धा. एखाद्या बाईवर मनापासून ओरडायचंय आणि तोंडातून 'तुम्ही' जातंय, यासारखा वैताग नाही.

तर गोष्ट कॅल्क्युलसची. आमच्या शाळेत ते आहे, म्हणजे कागदावर आहे. बारा मुलं झाली तर वर्ग भरतो, नाहीतर ऑगस्टमध्ये रद्द. गेली नऊ वर्षं दर ऑगस्टला पाच नाहीतर सहा मुलं व्हायची आणि वर्ग रद्द व्हायचा. गणिताचे गेर्रा सर मग त्या तासाला पुन्हा साधं बीजगणित शिकवायचे. तेवढ्या वेळात त्यांचे केस गेले.

यावर उपाय कमी झाले नाहीत. उत्तरेकडच्या मोठ्या शहरांतून कोट घातलेले उंटावरचे शहाणे यायचे. हमरस्त्यापलीकडच्या शाळेत, जिथं डॉक्टर-वकिलांची मुलं जातात, तिथं या विषयाचे तीन-तीन वर्ग भरतात. मग तुमच्याकडे एक का भरत नाही, असं आम्हालाच विचारायचे. एकानं सांगितलं, गरीब घरच्या मुलांना आत्मविश्वास नसतो. दुसऱ्यानं सांगितलं, पालकांना महत्त्व कळत नाही. तिसऱ्यानं 'मला गणित आवडतं' असं छापलेले दोनशे शर्ट पाठवले. ते आमचा शिपाई अजून फरशी पुसायला वापरतो. एकदा तर गणिताची गोडी लागावी म्हणून सगळ्या शाळेला पिझ्झा खायला घातला. गोडी पिझ्झाची लागली.

मुख्याध्यापक ओचोआ दर वर्षी मान हलवून म्हणायचे, "आपल्या पोरांना आवडच नाही हो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मीही मान हलवायचो. खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, नसेल आवड. मला माझ्या ट्रम्पेटवाल्यांचे ओठ सांभाळायचे असतात. जगातल्या सगळ्या आवडीनिवडींचा मक्ता मी घेतलेला नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये जिल्ह्याचं पत्र आलं. या वर्षी शुक्रवारपर्यंत बारा मुलं झाली नाहीत, तर कॅल्क्युलस शाळेच्या यादीतूनच काढून टाकणार. कायमचं. सोमवारी पत्र आलं आणि मंगळवारी सकाळी ओरालियानं मला मागच्या खोलीत बोलावलं.

"बसा कोम्पाद्रे. टॅको घ्या."

टॅको म्हटल्यावर मी उभाच राहिलो. "काय काढलंयत आता?"

"आधी खा."

"आधी सांगा."

"गार झाला की चव जाते. मग मला बोल लावू नका." तिनं टॅको माझ्या हातात कोंबला आणि फळ्याकडे बोट केलं.

फळ्यावर लाल लोकरीचे दोरे बांधलेले होते. एकोणीस दोरे, एकोणीस मुलं. ज्यांना आदल्या वर्षी गणितात चांगले मार्क होते आणि कॅल्क्युलस झेपलं असतं अशी. प्रत्येक पोराचा दोरा त्याच्या एकेका तासाच्या कार्डावरून खाली जात होता. तीन तास सगळे दोरे सरळ. चौथ्या तासाला मात्र लोकरीचा हा एवढा गुंता, मांजरानं खेळून टाकावा तसा. एकोणिसातले चौदा दोरे एकाच कार्डाला गुंडाळलेले. कार्ड पिवळं होतं. पिवळा रंग माझा.

"चौदा," ती म्हणाली. "एकोणिसातली चौदा तुमच्याकडे वाजवतात. कॅल्क्युलस चौथ्या तासाला आणि तुमची मारियाचीही चौथ्या तासाला. पोरानं कुठं बसायचं?"

"म्हणजे मी अडवलंय का त्यांना?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"तुमचा चष्मा म्हणतोय."

तिनं चष्मा काढला आणि दोरीवर सोडून दिला. "नऊ वर्षांपूर्वी या खिळ्यावर एकटं कॅल्क्युलस होतं. पंधरा मुलं बसायची. मग तुम्ही चौथा तास मागितलात. मी तुमचं कार्ड इथं आणलं आणि पुढच्या वर्षी मुलं झाली सहा. त्या वर्षी सगळ्यांच्या हातात फोन आले होते. मी पण म्हटलं, फोनमुळे असेल. नऊ वर्षं म्हणत राहिले."

मी टॅको खाली ठेवला. कारण चौथा तास मी कुठं मागितला होता ते मला लख्ख आठवलं. अमारिसच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात, हातात बार्बाकोआच्या मांसाचं ताट घेऊन, ओरालियाच्या कानाशी लागून. "कोमाद्रे, आता आपण घरचे झालो. चौथ्या तासाला लागून जेवणाची सुट्टी आहे. मुलं वाजवता वाजवता खातील. रोज अर्धा तास जास्त मिळेल मला." आणि तिनं दिला. नव्या कोमाद्रेला पहिल्याच दिवशी नाही म्हणणारी बाई आमच्या गावात जन्मायची आहे. त्याच अर्ध्या तासावर मी तीन ढाली आणल्या होत्या.

"मग गणित हलवा," मी म्हणालो.

"हलवा," ती म्हणाली आणि गणिताचं निळं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "कुठं टांगता, टांगा."

मी तासभर त्या फळ्याशी झोंबत होतो. गेर्रा सर सकाळी दुसऱ्या शाळेत असतात, सव्वाअकराला इथं येतात. म्हणजे पहिले तीन तास गेले. पाचव्यात टांगलं तर वेल्डिंगवाली पोरं पडली. सहाव्यात टांगलं तर ज्या मुली हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला जातात त्यांची बस चुकली. सातव्यात आणि आठव्यात गेर्रांना नववीचं बीजगणित, आणि ते हलवलं तर नव्वद पोरं रस्त्यावर. शाळेआधी घ्यावं, तर शेतवस्तीवरची बस साडेसातच्या आत येत नाही. शाळेनंतर घ्यावं, तर तीच बस निघून जाते. ओरालिया खुर्चीत बसून आपला टॅको खात होती. 

शेवटी मी कार्ड टेबलावर आपटलं. "तुम्हाला आधीच माहीत होतं."

"हो. काल पत्र आल्यावर मी पण तासभर झोंबले."

"मग मला कशाला नाचवलंत?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

ऐकलं नसतं. पण म्हणून काय तोंडावर बोलायचं? मी म्हणालो, "हे बघा कोमाद्रे. ही पोरं मारियाचीमुळे शाळेत टिकतात. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात त्यांच्यासाठी. गणितवाल्यांना कोण टाळ्या वाजवतं?"

"वाजवायला आधी वर्ग लागतो ना."

मी रागारागानं बाहेर पडलो आणि तडक ओचोआंकडे गेलो. मला काही मागावंच लागलं नाही. ते खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "मारियाचीला हात? शुद्धीवर आहात का? मंडळाचे अर्धे लोक तुमच्या पुढच्या रांगेत बसतात. चौथा तास तुमचा, मी लिहून देतो." आणि दिलं खरंच लिहून. मी जिंकलो होतो.

तो कागद ओरालियाच्या टेबलावर ठेवला. तिनं वाचला, नीट घडी घातली, फाइलला लावला. भांडेल म्हणून मी बाह्या सरसावून उभा, आणि ही बाई मला बुटांचा एक जुना खोका देते!

"हे काय?"

"वाचायला. सवडीनं वाचा."

पार्किंगमध्ये गाडीत बसून, एसी लावून मी खोका उघडला. आमच्या शाळेत विषय सोडायचा तर मुलाला एक चिठ्ठी भरावी लागते. नाव, विषय, कारण. वर्ष झालं की त्या टाकून देतात. या बाईनं कॅल्क्युलसच्या तेवढ्या ठेवल्या होत्या. नऊ वर्षांच्या अठ्ठावन्न चिठ्ठ्या. कशासाठी ठेवल्या होत्या तिलाच ठाऊक. तिला विचारलं तर म्हणते, "टाकवल्या नाहीत."

पहिली चिठ्ठी रोहेलियोची. माझा पहिला ट्रम्पेट, काय फुंकायचा पोरगा! कारण: मारियाची. पुढची एका व्हायोलिनवाल्या मुलीची. कारण: मारियाची. मारियाची. मारियाची. एकानं लिहिलं होतं, 'सरांनी सोलो दिलाय.' एकीनं लिहिलं होतं, 'दोन्ही हवं होतं.' मधे एखादी चिठ्ठी 'नोकरी' म्हणायची, एखादी 'अवघड वाटतं,' आणि परत मारियाची. मी मोजल्या. एकेचाळीस. प्रत्येक नाव माझ्या तोंडपाठ. कोण किती सुरात वाजवायचा ते मला माहीत होतं. यातल्या एकानंही गणित मागितलं होतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

सगळ्यांत शेवटची, ताजी चिठ्ठी ब्रिसेइदा सोलिसची होती, त्याच सोमवारची. ब्रिसेइदा माझी गिटारोनवाली. गिटारोन म्हणजे आमचा खर्ज. वाद्य तिच्या पोटाएवढं नव्हे, तिच्याएवढं आहे. मागून पाहिलं तर गिटारोनला पाय फुटलेत असं वाटतं. ही पोरगी उन्हाळ्यात विद्यापीठाच्या इंजिनियरिंगच्या शिबिराला जाऊन आली होती. आल्यापासून गप्प होती. मी समजलो, उन्हाळा बाधला असेल. ओरालियानं नंतर सांगितलं, की तिथं बाकी सगळ्यांचं कॅल्क्युलस झालेलं होतं आणि हिला दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरचं अक्षर कळेनासं झालं. तिला परत जायचं होतं, या वेळी कळत असताना. तिच्या चिठ्ठीवर कारणापुढे लिहिलं होतं: 'माझ्याशिवाय गिटारोन नाही. सरांना सांगू नका.'

मी खोका बंद केला. स्वतःला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या घातल्या. मग ओरालियाला घातल्या, कारण ती ऐकायला नव्हती. आणि परत ओचोआंकडे गेलो.

"साहेब, तो कागद फाडा. मला चौथा तास नको."

ओचोआंनी कपाळाला हात लावला. "अहो, तासापूर्वी तुम्हीच ना इथं..."

"मीच. पोरांना आवड नाही म्हणत होतो ते पण आपणच."

"मग मारियाची कुठं घालायची?"

तेच तर दुखणं होतं. मोठं सभागृह बाकीच्या वेळी बँडकडे. माझ्यासाठी उरली लहान खोली, तिच्यात पंधराच मुलं मावतात. ओरालियानं फळ्यावर माझ्या पिवळ्या कार्डाचे कात्रीनं दोन तुकडे केले. माझ्या डोळ्यांदेखत. ट्रम्पेट आणि गिटारी दुसऱ्या तासाला, व्हायोलिनं सातव्या तासाला. सगळे एकत्र फक्त शनिवारी. नवरीला सोमवारी उभं करायचं, नवऱ्याला गुरुवारी, आणि लग्न लागलं म्हणायचं!

"कोमाद्रे, हे वाजवणं नव्हे, हे हाल आहेत."

"हो," ती म्हणाली. "आहेतच."

निदान खोटं तरी बोलावं माणसानं.

मग बुधवार, गुरुवार आम्ही दोघं फोनला चिकटलो. चौदा घरं. सही आईबापांची हवी. एक बाप म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः सांगताय मारियाची मोडायला? बरं आहे ना तब्येत?" एका आईनं मला तीनदा नाव सांगायला लावलं, कुणी चेष्टा करतंय असं वाटून. चार पोरांनी खरंच नको म्हटलं, आणि ते ठीक आहे. नको म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. तीन पोरांच्या घरी फोन लागेना. शुक्रवारी दुपारी तीनला आमच्याकडे सह्या होत्या अकरा. मारियाचीतली सहा आणि आधीपासूनची पाच. चार वाजता ऑफिस बंद.

बारावी ब्रिसेइदा. आणि ती महामाया नाही म्हणत होती!

मी तिला ऑफिसच्या खिडकीशी उभं केलं. शेजारी ओरालिया, हातात फॉर्म.

"नको सर. माझ्यामुळे सगळं मोडतंय. ट्रम्पेटवाले म्हणतात, हिच्या एका चिठ्ठीपायी आपली वाट लागली."

"चिठ्ठ्या एकेचाळीस आहेत. तुझी शेवटची, एवढंच."

"राज्य स्पर्धा हरलो तर?"

"तर हरू."

"तुम्ही असं कधीच म्हणत नाही. मागच्या वर्षी सराव चुकवला म्हणून तुम्ही बेनितोला त्याच्या आजीच्या मयतावरून..."

"ते सोड!"

ओरालियानं भुवई वर केली. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. माझा पेशन्स तसाही मुळात कमी. मी म्हणालो, "हे बघ सोलिसबाई. तू त्या वर्गात बसणार नसशील, तर सोमवारपासून माझ्या गिटारोनला हात लावायचा नाही. मी गिटारोनशिवाय वाजवेन. लोक हसतील, बेकरीवाली मला दगड विकेल. पण तुझ्या नावाची चिठ्ठी त्या खोक्यात राहणार असेल, तर तू माझ्या खोलीत राहणार नाहीस. कळलं?"

पोरगी मग रडायला लागली. मला पोरं रडली की काही सुचत नाही, त्यामुळे मी आणखी ओरडलो. "रडायला वेळ नाहीये! आई कुठंय तुझी?"

आई बाहेर गाडीतच बसली होती, ओरालियानं दुपारीच बोलावून ठेवली होती. सही तीन बावन्नला झाली. ओरालियानं फॉर्मवर शिक्का मारला, केसांतली पेन्सिल टेबलावर शोधली, सापडली नाही म्हणून माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि यादीत बारावं नाव लिहिलं. ते पेन मला अजून परत मिळालेलं नाही.

ते वर्ष कसं गेलं ते माझ्या बायकोला विचारा. व्हायोलिनं एका तालात, ट्रम्पेट दुसऱ्या. शनिवारी दोन्ही भेटायची तेव्हा शेजारच्या गल्लीतली कुत्री ओरडायची. शनिवारी अर्ध्यांना काम. आणि जी पोरं कॅल्क्युलसला बसायची ती मधल्या विश्रांतीत कोपऱ्यात वही घेऊन भांडत बसायची. मी सूर लावा म्हणायचो आणि ही एकमेकांना उतार कसा काढायचा ते सांगायची. ब्रिसेइदा गिटारोनच्या पाठीचा टेबलासारखा उपयोग करायची. वाद्यावर वही ठेवलेली पाहून माझं रक्त उकळायचं. मी काही बोललो नाही, असं मी म्हणणार नाही. बोललो. पण वही काढायला लावली नाही.

फेब्रुवारीत आम्ही दुसरे आलो. निकाल लागला तेव्हा पोरं रडली, मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. ओरालिया बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली आणि एक शब्द बोलली नाही. ही बाई कधी गप्प बसायचं ते जाणते, हे मला मान्य करावं लागतं.

बारांतल्या सात जणांनी मे महिन्यातली परीक्षा पार केली. पाच नापास झाले, त्यांतले दोघं थोडक्यात. ओचोआंनी भाषणात 'आमच्या प्रयत्नांमुळे' असं म्हटलं. त्यावर मी काही म्हणणार नाही, मला रक्तदाब आहे. ब्रिसेइदा सातांत होती. तिला त्या उन्हाळ्यात त्याच शिबिरात पुन्हा घेतलं. तिथून तिनं एक फोटो पाठवला. तिच्या पाठीमागे फळाभर समीकरणं, आणि खाली लिहिलं होतं, 'सर, अक्षर कळतंय.'

इथं गोष्ट संपायला हवी होती. मी आपला चौथ्या तासाचं दुःख गिळून सुखानं जगलो असतो. पण ओरालिया कुणाला सुखानं जगू देते?

तो फोटो यायच्या आधीच, शाळा सुटायच्या आदल्या आठवड्यात तिनं मला मागच्या खोलीत बोलावलं होतं. टेबलावर चंदेरी कागदात टॅको.

"नाही," मी दारातूनच म्हणालो.

"अजून मी काही बोलले नाही."

"टॅको बोलला."

"कोम्पाद्रे, पुढच्या वर्षासाठी कॅल्क्युलसला किती पोरांनी नाव दिलंय, सांगा."

"पंधरा."

"एकतीस."

मी खाली बसलो. ज्या शाळेत पोरांना आवड नव्हती त्या शाळेत एकतीस. मला त्या खोक्यातली एकेचाळीस नावं आठवली. रोहेलियो हमरस्त्यावर टायर बदलतो. चांगला बदलतो, रविवारी लग्नात वाजवतो, मजेत आहे. त्याला दोन्ही हवं होतं का, हे आता कोण विचारणार?

"दोन वर्ग लागतील, चौथ्या तासाचा भरला," ओरालिया म्हणाली. "गेर्रांना जिल्ह्यानं आपल्याकडे पूर्ण वेळ दिलंय. पण दुसरा वर्ग घ्यायला त्यांना मोकळा तास एकच."

"कुठला?"

 तिनं लाल लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला. "मी डिसेंबरात निवृत्त होतेय. संगणक चार मिनिटांत सगळं लावेल. ते वाचून नाक मुरडणारं कुणीतरी इथं लागेल. फळा वाचायला शिका."

"मी मारियाचीचा मास्तर आहे, कोमाद्रे!"

"म्हणूनच. एक दोरा बांधून बघा. आपली अमारिस चार वर्षांनी इथं येईल. ती काय वाजवते?"

"तुम्हाला माहीत नाही होय? व्हायोलिन."

"आणि गणितात कशी आहे?"

कशी आहे! मागच्याच आठवड्यात तिच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली होती, की हिला पुढच्या इयत्तेचं पुस्तक द्या, वर्गात कंटाळते. ती चिठ्ठी आमच्या फ्रिजवर चिकटवलीय आणि ओरालियानं ती रविवारी जेवायला आली तेव्हा उभं राहून दोनदा वाचली होती.

मी दोरा बांधायला लागलो. सातव्या तासाला माझ्या व्हायोलिनचं अर्धं पिवळं कार्ड. दोरा त्याला गुंडाळला. मग गणिताच्या नव्या निळ्या कार्डाकडे न्यायला गेलो, तर न्यायला जागाच नव्हती. ते त्याच खिळ्यावर होतं. दोन्ही कार्डं एकावर एक, आणि माझ्या पोरीचा दोरा माझ्या बोटांत.

मी जोरात एक शिवी हासडली. पोरीच्या देवाच्या आईसमोर हासडू नये अशी. मग माझं कार्ड खिळ्यावरून काढलं.

"हे कुठं टांगू, ते तरी सांगा."

"आधी टॅको खा," ती म्हणाली.